वितरित स्टोरेज: वेगाचा आकडा सांगताना लिखाणाची पोच कधी मिळते तेही सांगा

गिरगावकर

गिरगावातल्या एका छोट्या न्यासाकडे जुन्या मराठी मासिकांचं आणि दिवाळी अंकांचं स्कॅनिंग चालू आहे, त्यात मी मदत करतो. कागद इतका ठिसूळ झालाय की बरेचसे अंक दुसऱ्यांदा स्कॅनरवर ठेवताच येणार नाहीत. आजवर सगळं एका एनएएसवर (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या पेटीवर) आणि कपाटातल्या हार्ड डिस्कवर होतं. आता तीन वापरलेले सर्व्हर देणगीत मिळालेत, त्यांवर मुक्तस्रोत वितरित स्टोरेज, म्हणजे अनेक मशीनवर प्रती ठेवून डेटा सांभाळणारी व्यवस्था, उभं करायचं आहे.

गेल्या बैठकीत एका कार्यकर्त्याने दोन सॉफ्टवेअरच्या चाचणीचे आकडे आणले. पहिल्याचा लिहिण्याचा वेग दुसऱ्याच्या कित्येक पट. सगळ्यांचा कल लगेच पहिल्याकडे गेला. मुलाने मेहनत मनापासून घेतली होती, पण तो आकडा मला अर्धाच वाटतो.

प्रोग्रॅमने फाइल लिहायला दिली की ती आधी मशीनच्या रॅममध्ये, म्हणजे पेज कॅशमध्ये बसते. तिथून नेटवर्कने दुसऱ्या मशीनच्या रॅममध्ये जाते. मग डिस्कच्या स्वतःच्या कॅशमध्ये, आणि सगळ्यात शेवटी तबकडीवर किंवा फ्लॅशच्या चिपमध्ये. या वाटेवर कुठेही उभं राहून सॉफ्टवेअर म्हणू शकतं, 'लिहून झालं'. ही पोच जितकी आधीच्या टप्प्यावर दिली तितका वेगाचा आकडा मोठा दिसतो.

सगळ्यात स्वच्छ उदाहरण डीआरबीडीचं, म्हणजे एका मशीनच्या डिस्कवरचं लिखाण नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनच्या डिस्कवर उमटवणाऱ्या सॉफ्टवेअरचं. त्याचे तीन प्रोटोकॉल आहेत. 'ए'मध्ये आपल्या डिस्कवर लिहिलं आणि डेटाचं पाकीट नेटवर्कच्या बफरमध्ये टाकलं की पोच. 'बी'मध्ये समोरच्या मशीनच्या रॅमपर्यंत पोचलं की पोच. 'सी'मध्ये दोन्हीकडच्या डिस्कवर उतरल्यावरच पोच. सॉफ्टवेअर तेच, यंत्रं तीच, आणि तीन वेगवेगळे वेग. कोणता प्रोटोकॉल ते न सांगता कुणी 'डीआरबीडीचा वेग' सांगितला तर त्यातून काय कळणार?

बाकीच्यांचंही थोड्याफार फरकाने असंच आहे. एचडीएफएस या वितरित फाइल सिस्टिममध्ये एचफ्लश ही आज्ञा दिली की डेटा सगळ्या डेटानोडच्या, म्हणजे प्रती ठेवणाऱ्या मशीनच्या, रॅमपर्यंत गेल्याची हमी मिळते. डिस्कची हमी हवी असेल तर एचसिंक करावं लागतं. कॅसँड्रा हा डेटाबेस मूळ सेटिंगमध्ये कमिट लॉग, म्हणजे लिखाणांची नोंदवही, दर दहा सेकंदांनी डिस्कवर ढकलतो आणि पोच मात्र त्याच्या आधीच देतो. सेफ (Ceph) या वितरित स्टोरेजमध्ये प्राथमिक ओएसडी, म्हणजे मुख्य प्रतीची डिस्क सांभाळणारा प्रोग्रॅम, बाकीच्या प्रतींकडून 'डिस्कवर पक्कं झालं' असं येईपर्यंत थांबतो आणि मगच क्लायंटला कळवतो, म्हणून तो हळू भासतो. नेटवर्कवरून फोल्डर वाटून देणारा आपला साधा एनएफएससुद्धा घ्या. एक्सपोर्टच्या, म्हणजे वाटून देण्याच्या, सेटिंगमध्ये 'असिंक' लिहिलं की सर्व्हर डिस्कवर काही जायच्या आतच होकार देतो. एके काळी हेच मूळ सेटिंग होतं, पुढे ते बदलून 'सिंक' केलं गेलं.

माझं म्हणणं एवढंच की वेगाच्या प्रत्येक आकड्याशेजारी तो कोणत्या हमीवर मिळाला हे लिहिलेलं असावं. हमी सारखी करून मग तुलना करावी. या क्षेत्रात काम करणाऱ्यांचं मत हवं आहे.

---

ऐरोलीकर

उत्तम धागा. मी डेटा सेंटरमध्ये काम करतो. मुद्द्याशी सहमत, पण दुसरी बाजूही नोंदवतो.

रॅममध्ये असताना पोच देणं हा दर वेळी निष्काळजीपणा नसतो. संदेश साठवून पुढे पोचवणारा काफ्का बघा. तो मुळात प्रत्येक संदेशाला डिस्कवर ढकलत नाही, ते काम ऑपरेटिंग सिस्टिमवर सोडतो आणि भरवसा ठेवतो वेगवेगळ्या ब्रोकरवरच्या (त्याच्या सर्व्हरवरच्या) प्रतींवर. तीन मशीन एकाच क्षणी बंद पडण्याची शक्यता खूप कमी, हा त्यामागचा विचार. अनेक मोठ्या ठिकाणी तो व्यवस्थित चाललाय.

पण हा हिशोब तिन्ही मशीनचे बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच जमतो. १२ ऑक्टोबर २०२० आठवा. सकाळी दहाच्या सुमारास ग्रिड कोसळली, मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. मोठ्या डेटा सेंटरना जनरेटर असतात. गिरगावातल्या न्यासाच्या खोलीत तिन्ही सर्व्हर एकाच यूपीएसवर असतील, आणि त्या यूपीएसची बॅटरी शेवटची कधी बदलली हे बहुतेक कुणाला आठवत नसेल. तिथे तीन रॅममधल्या तीन प्रती म्हणजे एकच प्रत समजा.

तेव्हा गिरगावकर, तुमच्या जागेत डिस्कवर उतरल्यावरच पोच हवी. आणि एसएसडी घेणार असाल तर वीज गेल्यावर कॅश सांभाळणारे कपॅसिटर असलेलेच घ्या. त्यांना लिखाण लगेच स्वीकारता येतं, कारण वीज गेली तरी कॅशमधलं चिपवर उतरवण्यापुरती ऊर्जा त्यांच्याकडे शिल्लक असते. साध्या, लॅपटॉपसाठीच्या एसएसडीला प्रत्येक वेळी खरंच चिपपर्यंत जावं लागतं. एरवी सेकंदाला हजारोंनी ऑपरेशन करणारी तीच एसएसडी सिंक लिखाणात काहीशेवर येऊ शकते. 'सेफ फार हळू आहे' अशा बऱ्याच तक्रारींच्या मुळाशी स्वस्त एसएसडी निघते.

---

अंधेरी_एडिट

पोस्ट-प्रॉडक्शनमधून लिहितोय. आमच्याकडे वेग नसला तर काम थांबतं. चार-पाच एडिटर एकाच वेळी ४-के फुटेज ओढत असतात. टाइमलाइन अडखळली की पूर्ण खोली अडते. रात्री रेंडर लागतं आणि सकाळी क्लायंट येऊन बसतो. अशा ठिकाणी 'प्रत्येक लिखाण तीन डिस्कवर' हा नियम सरसकट लावला तर तो अन्यायच.

म्हणून आम्ही डेटाचेच भाग पाडलेत. कॅमेऱ्यातून आलेलं मूळ फुटेज एकीकडे. त्याच्या प्रती, चेकसम (फाइल बिघडली का ते ताडायचा आकडा), टेप सगळं होतं, आणि ते पूर्ण झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट होत नाही. प्रॉक्सी (एडिटिंगसाठीच्या हलक्या प्रती), कॅश आणि रेंडरचे तात्पुरते तुकडे दुसरीकडे. ते गेले तर रात्रभरात पुन्हा तयार होतात, त्यामुळे तिथे एकच प्रत आणि पूर्ण वेग. सुपरकॉम्प्युटरवाल्यांनी लस्टर (वितरित फाइल सिस्टिम) वर्षानुवर्षं असाच वापरलाय. लस्टरला फाइलच्या प्रती ठेवायची सोय २०१८च्या आवृत्तीत आली; त्याआधी खालच्या रेडवरच (बिघाड सोसण्यासाठी एकत्र जोडलेल्या डिस्कच्या संचावरच) भिस्त असायची. गणिताचे तात्पुरते निकाल ठेवायला तेवढं पुरायचं.

वेग आणि भरवसा यांतलं काय निवडायचं हे सॉफ्टवेअर ठरवताना विचारूच नका. प्रत्येक फोल्डरला विचारा: हे गेलं तर परत कुठून आणणार?

---

गिरगावकर

@अंधेरी_एडिट, हे फार नेमकं सांगितलंत. आमच्याकडेही मूळ टिफ स्कॅन आणि त्यांतून बनवलेल्या वाचनाच्या पीडीएफ एकाच फोल्डरमध्ये पडतात. पीडीएफ आणि ओसीआर (चित्रातून काढलेला मजकूर) पुन्हा करता येईल, टिफ नाही. हे दोन पूल (साठ्याचे भाग) वेगळे करायलाच हवेत.

---

अनुस्वार

मी यात नवीन आहे, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. दोन प्रती पुरत नाहीत का? एक गेली तर दुसरी आहेच की. तीन म्हणजे तिप्पट जागा आणि तिप्पट खर्च.

---

जुना_सिस्टिमवाला

अनुस्वार ताई, प्रश्न बाळबोध मुळीच नाही. पैसे देणारी माणसं पहिल्यांदा हाच प्रश्न विचारतात आणि त्याचं नीट उत्तर त्यांना मिळायलाच हवं.

पहिली अडचण मतभेदाची. दोन मशीनमधला नेटवर्कचा दुवा तुटला पण दोन्ही चालू राहिली, तर दोघींनाही वाटतं की समोरची मेली. दोन्हीकडे लिखाण चालू राहतं. दुवा परत जोडला तेव्हा एकाच फाइलच्या दोन वेगळ्या आवृत्त्या, आणि खरी कोणती हे सांगणारं कुणी नाही. ग्लस्टर या वितरित फाइल सिस्टिममध्ये दोन प्रतींवर चालवणाऱ्या कित्येकांनी हे स्प्लिट-ब्रेन भोगलंय. म्हणूनच त्यात आर्बिटरची सोय आली. तो तिसरा नोड फाइलची नावं आणि मेटाडेटा तेवढा ठेवतो, आतला मजकूर नाही. जागा कमी लागते आणि बहुमत ठरवायला तिसरं मत मिळतं.

दुसरी अडचण वेळेची. १६ टीबीची डिस्क मेली आणि नवीन डिस्क सेकंदाला २०० एमबी वेगाने भरत गेली, तरी ८० हजार सेकंद लागतात, म्हणजे बावीस तास. तेही बाकी सगळं काम बंद ठेवून, प्रत्यक्षात जास्तच. साध्या जोडीत तेवढा वेळ तुमच्याकडे एकच प्रत असते. आणि बऱ्याचदा डिस्क एकाच खेपेत घेतलेल्या, सारख्याच वयाच्या असतात, त्यात पुनर्बांधणीच्या वाचनाचा ताण उरलेल्या डिस्कवर येतो. सेफसारख्या व्यवस्थेत प्रती अनेक डिस्कवर विखुरलेल्या असल्याने बऱ्याच डिस्क मिळून हे काम करतात आणि क्लस्टर मोठा असेल तर वेळ खूप कमी होतो. तीन मशीनच्या क्लस्टरमध्ये तो फायदा मर्यादित.

जागेबद्दल म्हणाल तर इरेझर कोडिंग आहे. चार तुकडे डेटाचे आणि दोन पॅरिटीचे, म्हणजे हरवलेला तुकडा पुन्हा काढता येईल अशा हिशोबाचे, ठेवले की दीडपट जागेत दोन बिघाड सोसता येतात. तीन प्रतींना त्यासाठी तिप्पट जागा लागते. पण सहा तुकडे सहा वेगळ्या मशीनवर हवेत, तीनच मशीन असतील तर उपयोग नाही. शिवाय छोटा बदल करायचा तरी जुने तुकडे वाचून पॅरिटी पुन्हा काढावी लागते, म्हणून डेटाबेसला हा प्रकार मानवत नाही. एकदा लिहून ठेवायच्या मोठ्या फाइलींना छान.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय. सेफच्या वेगासाठी इंटरनेटवर जे नुस्खे फिरतात त्यांतले तीन कृपया वापरू नका. 'मिन साइज' एकवर आणणं, डीप स्क्रब कायमचं बंद ठेवणं, आणि चेकसम बंद करणं. तीन प्रतींच्या पूलमध्ये मिन साइज दोन असतो. दोन प्रती हजर नसतील तर सेफ लिखाण थांबवून ठेवतो. लोक चिडतात आणि तो एक करून टाकतात. मग एकाच डिस्कवर नवं लिखाण होतं, नेमकी तीच डिस्क जाते आणि उरलेल्या प्रती जुन्या निघतात. लिखाण थांबतं तेव्हा ते सॉफ्टवेअर तुमचा डेटा वाचवत असतं.

डीप स्क्रब मूळ सेटिंगमध्ये आठवड्यातून एकदा प्रत्येक वस्तू पूर्ण वाचून प्रती आणि चेकसम ताडून बघतं. त्या वेळी डिस्क गुंतते, हे खरं. पण डिस्क नेहमी आवाज करून मरत नाही. काही वेळा ती मुकाट्याने चुकीचे बाइट परत देते. गिरगावकरांचा १९३०-४०चा अंक पुढची दहा वर्षं कुणी उघडलाच नाही, तर त्यातलं बिघडलेलं पान स्क्रबखेरीज कोण शोधणार? वेळ रात्रीची ठेवा, बंद करू नका.

---

ऐरोलीकर

+१. यात एफसिंकचं, म्हणजे 'डिस्कवर उतरव' या आज्ञेचं, प्रकरण जोडतो. २०१८मध्ये पोस्टग्रेस डेटाबेसवाल्यांच्या लक्षात आलं की लिनक्सवर एफसिंक अपयशी ठरलं तर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) त्रुटी एकदा कळवतो आणि ती पानं 'स्वच्छ' म्हणून खूण करून टाकू शकतो. पोस्टग्रेस पुन्हा एफसिंक करायचा, या वेळी यश मिळायचं, आणि त्याला वाटायचं सगळं डिस्कवर गेलं. प्रत्यक्षात ते लिखाण हरवलेलं. अनेक वर्षं हे तसंच होतं. फेब्रुवारी २०१९च्या सुधारणांपासून पोस्टग्रेस अशा वेळी स्वतःला थांबवतो आणि लॉगमधून पुन्हा उभा राहतो. जगातल्या सगळ्यात काळजीपूर्वक लिहिलेल्या डेटाबेसपैकी एकाची ही गोष्ट, तेव्हा नव्या स्टोरेज सॉफ्टवेअरच्या पहिल्याच आवृत्तीवर किती विसंबायचं ते बघा.

---

अंधेरी_एडिट

थोडं अवांतर, पण मुंबईच्या पावसात एकाच इमारतीत तिन्ही मशीन ठेवणं बरोबर आहे का? २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पडला, तळमजल्यावरची कित्येक ऑफिसं पाण्यात गेली. एक सर्व्हर पुण्याला किंवा चेन्नईला ठेवून क्लस्टर ताणला तर?

---

ऐरोलीकर

अवांतर अजिबात नाही. पण यात प्रकाशाचा वेग आडवा येतो, आणि त्याला सेटिंग नसतं.

फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. पुण्यापर्यंतची केबल दीडशे-दोनशे किलोमीटर धरली तर जाऊन-येऊन दीड-दोन मिलिसेकंद. चेन्नई सरळ रेषेत हजारावर किलोमीटर, म्हणजे निदान दहा. केबल वळसे घेत जाते आणि मध्ये उपकरणं असतात, त्यामुळे जास्तच. एकामागून एक कमिट करणारा प्रोग्रॅम प्रत्येक वेळी दहा मिलिसेकंद थांबला तर सेकंदाला शंभराच्या वर जाऊच शकत नाही, डिस्क कितीही भारी घ्या. डेटाबेस संशोधक डॅनियल अबादी यांनी पीएसीईएलसी नावाने हेच मांडलं: नेटवर्क तुटलं तर उपलब्धता आणि एकवाक्यता (सगळ्या प्रती सारख्या असणं) यांत निवड, आणि सगळं सुरळीत असतानाही विलंब आणि एकवाक्यता यांत निवड. दुसरा भाग लोक विसरतात.

शिवाय दूरचा दुवा स्वतःच बिघाडाचं कारण होतो. २४ फेब्रुवारी २०२१ला एनएसई या शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११:४०ला थांबले ते दुपारी ३:४५ला सुरू झाले. दूरसंचार दुव्यांतल्या बिघाडाचा परिणाम स्टोरेज यंत्रणेवर झाला आणि क्लिअरिंगची जोखीम-व्यवस्थापन प्रणाली बंद पडली, असं एक्स्चेंजने नंतर सांगितलं. एवढा पैसा आणि एवढी माणसं असलेल्या ठिकाणी हे घडू शकतं.

तुमच्यासाठी क्लस्टर एकाच जागी, पहिल्या मजल्यावर किंवा वर. पुण्याला रात्री मागाहून जाणारी प्रत. ती काही तास मागे असेल, पण तुमचं स्कॅनिंग दिवसाला काही अंकांचंच आहे. त्या दिवसाचे कागद अजून टेबलावरच असतात. आणि निदान एक प्रत अशी ठेवा जी क्लस्टरवरून पुसताच येणार नाही. कुणी चुकून फोल्डर उडवला तर तिन्ही प्रतींमधून तो तत्परतेने उडतो.

---

अनुस्वार

हे शेवटचं वाक्य मी आमच्या ऑफिसात वाचून दाखवणार आहे. वाचनखूण साठवली.

अजून एक विचारते. चाचणी करायची तर नेमकी कशी? त्या कार्यकर्त्याला 'तू चुकलास' म्हणण्यापेक्षा 'असं करून बघ' म्हणता आलं तर बरं.

---

जुना_सिस्टिमवाला

तुमचा हा विचार आवडला.

त्याने 'डीडी' या साध्या कॉपीच्या आज्ञेने मोजलं असेल तर मोठा भाग पेज कॅशचाच वेग असणार. एफआयओ हे डिस्कचा वेग मोजायचं साधन घ्या. प्रत्येक लिखाणानंतर एफसिंक करायला लावा, आयओ डेप्थ (एका वेळी किती लिखाणं) एक ठेवा, ब्लॉक ४ केबी, आणि फाइल रॅमहून बरीच मोठी. हा सगळ्यात केविलवाणा दिसणारा आकडा असेल, आणि डेटाबेसला प्रत्यक्षात भेटणारा हाच. मग तुमच्या खऱ्या कामाची चाचणी: मोठ्या टिफ, चार-पाच जण एकदम. सरासरीवर थांबू नका, नव्व्याण्णवावं पर्सेंटाइल बघा, म्हणजे शंभरातली नव्व्याण्णव लिखाणं किती वेळात होतात ते. एका डिस्कला शंभरातून एकदा उशीर होत असेल आणि तुम्ही तिघींच्या पोचेसाठी थांबत असाल, तर उशिराची शक्यता जवळपास तीन टक्के होते. तीन प्रतींचा विलंब ठरवते ती सगळ्यात हळू डिस्क.

यानंतरची चाचणी सहसा कुणी करत नाही. एक छोटा प्रोग्रॅम लिहा जो क्रमांक लिहीत जातो आणि पोच मिळाली की तो क्रमांक दुसऱ्या मशीनवर नोंदवतो. तो चालू असताना एका सर्व्हरची वायर काढा. मग तिन्हींची. सगळं परत उठल्यावर दोन याद्या ताडा. पोच मिळालेला एकही क्रमांक गहाळ असेल तर त्या सॉफ्टवेअरचा वेगाचा आकडा बाजूला ठेवा. काइल किंग्जबरी २०१३पासून जेप्सेन नावाने याच जातीच्या, पण फार खोल चाचण्या प्रसिद्ध करत आलेत, आणि बऱ्याच नावाजलेल्या डेटाबेसचे दावे त्यांत टिकले नाहीत. चांगली बाजू अशी की बहुतेकांनी ते दोष मग दुरुस्त केले.

आणखी एक आकडा घ्यायला सांगा: एक डिस्क काढून पुनर्बांधणी चालू असतानाचा वेग. सुखाच्या दिवसातला वेग सगळेच छापतात.

---

मुलुंड_पूर्व

उशिरा आलो. मुक्तस्रोताच्या बाजूने एक सांगायचंय. यातली बहुतेक माहिती तुम्ही इथे लिहू शकलात कारण कोड आणि मूळ सेटिंग्ज सगळ्यांना दिसतात. मोंगोडीबी या डेटाबेसच्या ड्रायव्हरमध्ये (प्रोग्रॅमला त्याच्याशी जोडणाऱ्या भागात) सुरुवातीला लिखाणाची पोच न घेणं हेच मूळ सेटिंग होतं. लोकांनी त्यावर उघडपणे टीका केली, नोव्हेंबर २०१२मध्ये ते बदललं, आणि २०२१च्या पाचव्या आवृत्तीत बहुमताची पोच हे मूळ सेटिंग झालं. बंद डब्यात हे बाहेरच्यांना दिसलंच नसतं.

पण टिकाऊपणा माणसांचाही असतो. रेड हॅट कंपनीने २०११मध्ये ग्लस्टर विकत घेतलं, २०१४मध्ये सेफमागची इंकटँक कंपनी घेतली, आणि ग्लस्टरवर आधारलेल्या त्यांच्या उत्पादनाचा आधार २०२४च्या अखेरीस संपला. कोड आजही उपलब्ध आहे, पण रात्री दोनला अडलात तर उत्तर द्यायला किती जण उरलेत हेही बघा. न्यासात उद्या गिरगावकर नसतील तर हा क्लस्टर कोण सांभाळणार? तीन मशीनवरचा सेफ एकट्या माणसाला झेपतो, पण शिकावं लागतं. कुणी शिकायला तयार नसेल तर झेडएफएस या फाइल सिस्टिमवरचा एक साधा सर्व्हर आणि दोन ठिकाणी त्याच्या स्नॅपशॉटच्या (त्या क्षणीच्या गोठवलेल्या स्थितीच्या) प्रती हा पर्याय मी जास्त भरवशाचा मानेन.

---

गिरगावकर

@मुलुंड_पूर्व, तुमच्या शेवटच्या प्रश्नावर आज फोनाफोनी केली. चाचणी आणणारा कार्यकर्ता आणि अजून एक मुलगी शिकायला तयार आहेत, म्हणून तीन सर्व्हर वापरायचं नक्की. सध्याचा विचार असा: टिफसाठी सेफचा पूल, तीन प्रती, मिन साइज दोन, प्रत्येक प्रत वेगळ्या मशीनवर. पीडीएफ आणि ओसीआर दोन प्रतींवर, गेलं तर पुन्हा करू. रात्रीची प्रत पुण्याच्या एका सभासदाकडे झेडएफएसवर, स्नॅपशॉटसकट. त्याशिवाय दर तिमाहीला डिस्कवर एक प्रत काढून ती डिस्क क्लस्टरपासून तोडून ठेवायची. वायर काढायची चाचणी येत्या रविवारी सगळ्यांसमोर, दोन्ही सॉफ्टवेअरवर, सारख्याच हमीने.

जुना_सिस्टिमवाला, क्रमांक लिहिणाऱ्या प्रोग्रॅमची नोंद ठेवणारं मशीन वेगळ्या यूपीएसवर हवं ना?

---

जुना_सिस्टिमवाला

हो, वेगळ्या यूपीएसवर, नाहीतर लॅपटॉपवर. त्याला स्वतःची बॅटरी असतेच. आणि वायर भिंतीतल्या सॉकेटमधून काढू नका, सर्व्हरच्या मागून काढा. मागे दोन पॉवर सप्लाय असतील तर दोन्हीच्या.